मुलांच्या गेममध्ये दोन नवरदेव दिसले तर? पालकांनी काय पाहावं, काय बोलावं

"मम्मी, या दोघी पोरी लगीन करायल्यात!" मोबाइलवर शेतीचा गेम खेळणारं नऊ-दहा वर्षांचं लेकरू असं म्हणालं, की बहुतेक घरांत मोबाइल हिसकावला जातो, गेम काढून टाकला जातो आणि "हे असलं काय बघायलास?" एवढं बोलून विषय संपवला जातो. आईबापाचा हेतू वाईट नसतो. अचानक समोर आलेल्या गोष्टीला काय उत्तर द्यावं, हे कुणी कधी शिकवलेलं नसतं.

हा लेख त्या वेळेसाठी आहे. हिंगोली जिल्ह्यात, मग ते शहर असो की वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या तालुक्यांतलं एखादं गाव असो, आज लेकरांच्या हातात जो स्मार्टफोन आहे त्यात जगभरचे गेम येतात. त्यांतल्या काही गेममध्ये दोन पुरुषांची किंवा दोन स्त्रियांची जोडी साधेपणाने दाखवलेली असते. हे गेम प्रौढांसाठीचे नसतात. त्यांतले बरेचसे घरात सगळ्यांनी खेळावेत असेच बनवलेले असतात. अशा वेळी गेम कसा तपासायचा, लेकराला काय सांगायचं आणि खरी काळजी कशाची करायची, ते क्रमाने पाहू.

आधीच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मुलांच्या गेममधली समलिंगी जोडी हा धोका नाही. तिच्याबद्दल विचारल्यावर घरात बोलणी बसतात, म्हणून लेकरू पुढचा प्रश्न अनोळखी माणसाला विचारतं, हा धोका आहे. पुढचं सगळं मार्गदर्शन याच एका मुद्द्याभोवती आहे.

कोणत्या गेममध्ये काय दिसतं?

या विषयाची सुरुवात 'द सिम्स' या गेमपासून धरता येईल. तो फेब्रुवारी २००० मध्ये आला. त्यात आपण माणसं बनवायची, त्यांचं घर बांधायचं, त्यांना नोकरीला पाठवायचं, त्यांची मैत्री आणि प्रेम जुळवायचं. पहिल्या दिवसापासून त्यात दोन पुरुषांची किंवा दोन स्त्रियांची जोडी जुळू शकत होती. गेम बाजारात येण्याआधी, १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रदर्शनात दोन स्त्री-पात्रांनी एकमेकींचं चुंबन घेतलं आणि त्याची बरीच चर्चा झाली. आता त्याचा चौथा भाग चालू आहे. शिवाय 'द सिम्स फ्रीप्ले' नावाचा मोबाइलवरचा गेमही आहे.

आपल्याकडच्या लेकरांना जवळचा वाटेल असा दुसरा गेम म्हणजे 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने तो चार वर्षांहून जास्त काळ खपून बनवला. २०१६ मध्ये तो संगणकावर आला आणि २०१९ मध्ये अँड्रॉइड मोबाइलवर. आजोबांनी मागे ठेवलेलं पडीक शेत नातवाने किंवा नातीने पुन्हा उभं करायचं, अशी त्याची गोष्ट आहे. बी पेरायचं, पाणी द्यायचं, कोंबड्या-गाई पाळायच्या, माल विकायचा आणि गावातल्या लोकांशी ओळख वाढवायची. गावात लग्नाला तयार असलेली बारा पात्रं आहेत, सहा पुरुष आणि सहा स्त्रिया. खेळणाऱ्याचं पात्र मुलगा असो की मुलगी, या बारांपैकी कुणाशीही लग्न करता येतं. भेटी देत देत ओळख वाढते, मग पुष्पगुच्छ द्यायचा, पुढे एक पदक देऊन मागणी घालायची. जोडी समलिंगी असेल तर ते मूल दत्तक घेतात. या लग्नात दाखवण्यासारखं एवढंच आहे.

'अनपॅकिंग' हा ऑस्ट्रेलियात बनलेला २०२१ चा गेम तर जवळजवळ बिनशब्दांचा आहे. एका मुलीचं सामान आपण खोक्यांतून काढून घरात लावायचं. १९९७ मधल्या तिच्या लहानपणीच्या खोलीपासून २०१८ मधल्या तिच्या स्वतःच्या घरापर्यंत तिचं आयुष्य सामानातून कळत जातं. २०१० मध्ये ती एका पुरुषाच्या घरी राहायला जाते, तर तिथे तिच्या पदवीचं प्रमाणपत्र लावायलाही भिंतीवर जागा मिळत नाही. ते पलंगाखाली सारावं लागतं. पुढे तिच्या आयुष्यात एक मैत्रीण येते, दोघी एकत्र राहू लागतात आणि शेवटच्या घरात बाळाची खोली असते. ज्या घरात तिच्या सामानाला जागा आहे ते घर तिचं, इतकी साधी ही गोष्ट आहे.

उलट उदाहरणही आहे. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा 'टोमोडाची लाइफ' हा गेम २०१३ मध्ये जपानमध्ये आला. त्यात आपल्या ओळखीच्या माणसांची चेहरेपट्टी बनवून त्यांना एका बेटावर राहायला ठेवायचं. त्यांच्यात मैत्री, प्रेम, लग्न होत असे, पण फक्त स्त्री-पुरुषांतच. २०१४ मध्ये तो इतर देशांत विकायला येण्याआधी खेळाडूंनी याबद्दल मोहीम उघडली. कंपनीने आधी सांगितलं की आम्हाला कोणतंही सामाजिक भाष्य करायचं नाही. मग मे महिन्यात तिने जाहीर माफी मागितली आणि पुढचा भाग काढला तर तो सर्वांना सामावून घेणारा असेल असं सांगितलं.

निन्टेन्डोची यंत्रं आपल्याकडे फार थोड्या घरांत आहेत. पण असे गेम खेळणाऱ्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर असतात. त्यामुळे गेम घरात नसला तरी त्यातली गोष्ट लेकरांपर्यंत पोचते.

वयाचा आकडा कसा वाचायचा?

गेम घेण्याआधी प्ले स्टोअरवर त्याच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ असा आकडा दिसतो. 'आयएआरसी' नावाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून तो ठरतो. गेम बनवणाऱ्याला एक प्रश्नावली भरावी लागते. हिंसा किती आहे, रक्त दिसतं का, शिव्या आहेत का, नग्नता आहे का, दारू-तंबाखू आहे का, जुगार आहे का, असे प्रश्न त्यात असतात. खेळाडू एकमेकांशी बोलू शकतात का आणि गेमच्या आत खरे पैसे खर्च करता येतात का, हेही विचारलेलं असतं. आकड्यावर बोट ठेवलं की त्यामागचं कारणही वाचता येतं. बहुतेक पालक आकडा पाहतात, कारण वाचत नाहीत. कारण नक्की वाचा.

'स्टारड्यू व्हॅली'चंच उदाहरण घ्या. अमेरिकेत गेमची वयोमर्यादा ठरवणारी ईएसआरबी ही संस्था १९९४ पासून काम करते. तिने हा गेम दहा वर्षांवरील सर्वांसाठी योग्य ठरवला आणि सोबत सावधगिरीच्या नोंदी दिल्या: काल्पनिक मारामारी, थोडं रक्त, सौम्य अपशब्द, जुगारासारखा खेळ, दारू आणि तंबाखू. गावात एक दारूचा गुत्ता आहे, पुढे जुगाराचा अड्डाही सापडतो. लेकराच्या शेजारी बसून ज्याबद्दल बोलायला हवं ते हे आहे. दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं लग्न होऊ शकतं, याची सावधगिरीच्या यादीत नोंद नाही, कारण त्यात वयाला न शोभणारं काही दाखवलेलंच नाही.

सगळ्या जोड्यांना एकच नियम

तरीही एखादा प्रसंग पाहून मनात शंका आली, तर स्वतःला एक प्रश्न विचारा. हाच प्रसंग एका मुलाच्या आणि एका मुलीच्या जोडीचा असता, तर मी तो या वयाच्या लेकराला पाहू दिला असता का? उत्तर 'हो' असेल, तर हाही पाहू द्या. उत्तर 'नाही' असेल, तर जोडी कुणाचीही असो, तो गेम बाजूला ठेवा.

एकमेकांना फूल देणं, हात धरणं, लग्न लागणं, एका घरात राहणं हे लेकरं रोज मालिकांत पाहतात, नात्यातल्या लग्नांतही पाहतात. ते प्रेम आहे, कामक्रीडा नव्हे. 'समलिंगी' म्हटलं की मोठ्यांच्या मनात थेट शरीरसंबंधाचा विचार येतो, म्हणून ते दचकतात. लेकराच्या मनात तो विचार नसतो. त्याला दोन माणसांचं लग्न दिसतं.

अर्धा तास शेजारी बसा

दुसऱ्याच्या सांगण्यावरून गेम वाईट किंवा चांगला ठरवू नका. लेकराला म्हणा, "मला पण दाखव तुझं शेत." अर्धा तास सोबत बसलात तर पुढच्या गोष्टी आपोआप कळतील:

• पात्रांचे कपडे, बोलणं आणि प्रसंग त्या वयाला शोभणारे आहेत का?
• समोरचं पात्र गेमने बनवलेलं आहे, की दुसरीकडे बसलेला खरा माणूस ते चालवतो आहे?
• लिहून किंवा आवाजाने बोलायची सोय चालू आहे का?
• पैसे मागणाऱ्या खिडक्या किती वेळा उघडतात?
• गेम थांबवायला सांगितल्यावर लेकरू किती चिडतं?

यांतला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. स्टारड्यूमधलं पात्र लिहून ठेवलेलं आहे, ते तुमच्या लेकराला घराचा पत्ता विचारणार नाही. ज्या गेममध्ये समोर खरा माणूस असतो तिथे तो मुलगा म्हणून बोलतो की मुलगी म्हणून, याला काही अर्थ नाही. त्याचं खरं वय आणि हेतू तुम्हाला माहीत नसतो.

लेकराने विचारलं तर काय सांगायचं?

उत्तर छोटं द्या, खरं द्या आणि लेकराच्या वयाइतकंच द्या. जेवढं विचारलं तेवढंच सांगा. पुढचा प्रश्न आला तर पुढचं उत्तर.

*सहा ते आठ वर्षं.* या वयात लेकराला फक्त समोर दिसलं त्याची संगती लावायची असते. एवढं पुरे: "बाळा, बऱ्याच बायकांना पुरुष आवडतो आणि पुरुषांना बाई. काही बायकांना बाईच आवडते, काही पुरुषांना पुरुष. ते पण एकमेकांची काळजी घेतात, एका घरात राहतात. गेममध्ये तेच दाखवलंय." बहुतेक वेळा लेकरू "बरं" म्हणून पुन्हा कोंबड्यांना दाणे टाकायला लागतं.

*नऊ ते बारा वर्षं.* इथे प्रश्न पुढे जातो: "खरंच असं असतं का? आपल्याकडं चालतं का?" तेव्हा वस्तुस्थिती सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला, की दोन सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ चा तो भाग त्या दिवशी संपला. अशा लग्नाला मात्र आपल्या कायद्याची मान्यता अजून नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने ते काम संसदेकडे सोपवलं. तैवानमध्ये २०१९ पासून आणि थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून असं लग्न कायदेशीर आहे. म्हणजे लेकराला सांगायचं ते असं: "आपल्याकडं असं राहणं गुन्हा नाही. लग्नाची सरकारी नोंद होत नाही. काही देशांत होते."

"आपल्या भागात तर असं कुणी नसतं" हे वाक्य मात्र बोलू नका, कारण ते खरं नाही. हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळमध्ये डिसेंबर २०१७ च्या अखेरीस मूळच्या तिथल्याच एका तरुणाने आपल्या परदेशी पुरुष जोडीदाराशी नातलग आणि मित्रांच्या उपस्थितीत लग्नाचा समारंभ केला. कलम ३७७ तेव्हा जसंच्या तसं लागू होतं. देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या आल्या. अशी माणसं मुंबई-पुण्यात असतात तशी आपल्या भागातही असतात. फक्त आपल्याकडे ती बोलत नाहीत.

*तेरा वर्षांपुढे.* आता सांगण्यापेक्षा ऐका. "तुला काय वाटतं? तुमच्या वर्गात यावरून कुणाला चिडवतात का?" असं विचारा. या वयात संमती म्हणजे काय, एखाद्याची खासगी गोष्ट चारचौघांत का सांगायची नाही, समोरचा नको म्हणाला की थांबायचं, या गोष्टी बोलता येतात. गेममधली जोडी हे त्यासाठी चांगलं निमित्त आहे, कारण बोलणं लेकराबद्दल नसतं, पात्रांबद्दल असतं. त्यामुळे त्याला संकोच वाटत नाही.

"हे खेळून आमचं लेकरू तसं झालं तर?"

ही भीती बहुतेक आईबापांच्या मनात असते आणि तिला सरळ उत्तर द्यायला हवं. एखादा गेम खेळून किंवा चित्रपट पाहून कुणाचं आकर्षण बदलतं, याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. पाहून बदलत असतं, तर जन्मापासून नायक-नायिकेची गाणी पाहत मोठी झालेली समलिंगी माणसं अस्तित्वातच नसती.

जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये स्पष्ट केलं की हा आजार नाही. आपल्याकडेही हा विषय मोबाइलने आणलेला नाही. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं, ते एका मुलीला दुसऱ्या मुलीबद्दल वाटणाऱ्या ओढीवर होतं. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईतून 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं. बिंदुमाधव खिरे यांची पुण्यातली 'समपथिक' ही संस्था २००२ मध्ये सुरू झाली आणि त्यांनी या विषयावर मराठीत पुस्तकंही लिहिली आहेत. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ ची. आपल्या खेड्यापाड्यांत स्मार्टफोन पोचण्याच्या कितीतरी आधी ही माणसं होती आणि लिहीत होती.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. एखाद्या मुलीने गेममध्ये मुलीशी लग्न लावलं म्हणून ती समलिंगी आहे असा अर्थ होत नाही. कधी ते पात्र बोलायला गोड असतं, कधी त्याचं घर आवडतं, कधी नुसतं काय होतं ते पाहायचं असतं. खेळ म्हणजे करून पाहणं. त्यावरून लेकरावर कोणतंही नाव चिकटवू नका.

काय बोलू नये?

"घाण आहे ते", "असलं बघितल्यावर डोकं फिरतं", "पुन्हा दिसलं तर पाय मोडीन." अशा वाक्यांनी गेम बंद होत नाही, फक्त तुमच्यासमोर खेळणं बंद होतं. 'बायल्या', 'छक्का' हे शब्द तर घरात कुणाहीबद्दल, चेष्टेतही वापरू नका. तुमच्याच घरातलं एखादं लेकरू गुपचूप ते ऐकत असेल आणि आपल्याबद्दल घरचे काय म्हणतील याचं उत्तर त्याला तिथेच मिळत असेल.

प्रश्न स्वतःबद्दलचा असेल तर

कधी गेमबद्दलचा प्रश्न हा दार किलकिलं करून आत डोकावण्याचा प्रकार असतो. लेकराला विचारायचं असतं स्वतःबद्दल, पण ते विचारतं पात्रांबद्दल. तुमचं उत्तर ऐकून ते पुढे बोलायचं की नाही ते ठरवतं. म्हणून पहिलं उत्तर फार महत्त्वाचं.

आणि खरंच एखादं चौदा-पंधरा वर्षांचं लेकरू म्हणालं, "मला पण असंच वाटतं," तर पहिलं वाक्य हे असू द्या: "बरं झालं, तू मला सांगितलंस." त्यानंतर चार गोष्टी पाळा.

एक, त्याला विचारल्याशिवाय ही गोष्ट कुणालाही सांगू नका. आत्या, मामा, शेजारी, सर कुणालाच नाही. ती त्याची गोष्ट आहे.

दोन, बदलवून देतो म्हणणाऱ्याकडे नेऊ नका, मग तो बाबा असो, मांत्रिक असो की पाटी लावलेला डॉक्टर. असा 'इलाज' करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरवलं. अंगारा-धुपारा, मारहाण करून उतरवण्याचे अघोरी प्रकार तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहेत.

तीन, "लग्न लावून दिलं की ठीक होईल" हा विचार मनातून काढून टाका. अठरा वर्षांच्या आत मुलीचं आणि एकवीसच्या आत मुलाचं लग्न लावणं बेकायदा आहेच. पण वय पूर्ण झाल्यावरही असं लग्न दोन आयुष्यं मोडतं, आपल्या लेकराचं आणि ज्या घरची लेक किंवा मुलगा आपण आणतो त्याचं.

चार, गरज वाटली तर योग्य माणसाची मदत घ्या. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क मिळते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक चालवतात. याच कार्यक्रमासाठी २०१७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने 'साथिया' नावाचं साहित्य काढलं. किशोरवयात भिन्नलिंगी किंवा समलिंगी व्यक्तीबद्दल आकर्षण वाटू शकतं, असं त्यात साध्या शब्दांत सांगितलं आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात ते आधी विचारून जा. आणि आईबापांनाही आधार लागतो. 'स्वीकार' हा अशा मुलांच्या पालकांचाच गट आहे. एप्रिल २०२३ मध्ये या गटातल्या चारशेहून अधिक पालकांनी आपल्या मुलांच्या विवाहहक्कासाठी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. तुम्ही या वाटेवर एकटे नाही.

खरी काळजी कशाची करायची?

घरात बोलता न आलेलं लेकरू बोलायला माणूस शोधतं. गेमच्या गप्पांत त्याला कुणीतरी गोड बोलणारं भेटतं, "मी पण तुझ्यासारखाच आहे" म्हणतं, मग फोटो मागतं आणि मग "पैसे दे, नाहीतर तुझ्या घरी सांगतो" अशी धमकी देतं. ही धमकी चालते ती घरी कळण्याच्या भीतीवर. घरात ती भीतीच नसेल तर धमकी देणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून मोकळं बोलणं हीच लेकराची सुरक्षितता आहे.

त्याशिवाय ही कामं आजच करा:

• गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी लोकांशी लेखी आणि आवाजी बोलणं बंद करा.
• प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'पॅरेंटल कंट्रोल्स' चालू करून लेकराच्या वयाचा आकडा निवडा. प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करा.
• बापाच्याच मोबाइलवर लेकरं खेळतात आणि त्याच मोबाइलमध्ये हळदीचे, सोयाबीनचे पैसे येतात. यूपीआयचा पिन लेकरांसमोर टाकू नका आणि त्यांना सांगू नका.
• पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. असा गेम मोबाइलमध्ये असेल तर काढून टाका.
• रात्री झोपताना मोबाइल मोठ्यांच्या खोलीत ठेवा.

कुणी धमकी दिलीच, तर लेकराला रागावू नका. संभाषण पुसू नका, त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, पैसे पाठवू नका आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. लहान मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाचं किंवा मुलीचं लैंगिक शोषण करणाऱ्यावर पोक्सो कायदा लागू होतो. पीडित मुलगा असला तरी हा कायदा तेवढाच लागू आहे. मुलग्यांच्या बाबतीत ही गोष्ट पालकांना अनेकदा माहीत नसते आणि तक्रार राहून जाते.

घरातली मोठी माणसं आणि शाळा

एकत्र कुटुंबात लेकरू खेळताना आजी-आजोबाही पाहतात. आजी म्हणाल्या, "हे काय दोन बाप्यांचं लगीन?", तर त्यांच्याशी वाद घालू नका. "आई, तिकडच्या देशात चालतं तसं. लेकराला मी समजावून सांगितलंय," एवढं पुरे. त्यांनी लेकरासमोर हिणवून बोलू नये, इतकी विनंती मात्र शांतपणे करा.

शिक्षकांसाठीही एक सांगणं आहे. वर्गात गेमवरून एखाद्या मुलाला 'तसला' म्हणून चिडवणं सुरू झालं, की ते पहिल्याच दिवशी थांबवा. चिडवलेल्या मुलाला उभं करून "खरं का रे?" असं विचारू नका. चिडवणाऱ्यांशी वेगळं बोला. पालकांना बोलावून "तुमचा मुलगा असले गेम खेळतो" असं सांगण्याआधी तो गेम स्वतः पाहा. चिडवणुकीला कंटाळून शाळा सोडणारं लेकरू आपल्या जिल्ह्याला परवडणारं नाही.

शेवटी पालकांना एक विनंती. या आठवड्यात एक संध्याकाळ काढा. लेकराच्या मोबाइलमध्ये कोणते गेम आहेत ते त्याच्याकडूनच समजून घ्या, गप्पांची आणि खरेदीची सेटिंग त्याच्या समोर बदला आणि १०९८, १४४१६, १९३० हे तीन क्रमांक त्याला तोंडपाठ करायला सांगा. मग त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, की गेममधलं असो किंवा स्वतःबद्दलचं, आमच्या घरात कोणताही प्रश्न विचारायला बंदी नाही. हे शब्द तुमच्या तोंडून त्याला ऐकू येणं गरजेचं आहे. ते आपोआप कळेल असं धरून चालू नका.